वाशिमहून सुचवलेली बातमी कुठे अडते?

मोटारी आणि डिझाइन या विषयांवर लिहिणाऱ्या पत्रकारांची एक तक्रार वारंवार कानी येते. जिल्ह्यांतून कुणी धड बातमी सुचवत नाही, अशी ती तक्रार. लोक चार पानी पत्र लिहितात, अंधुक फोटो पाठवतात, विषयात नवीन काय ते सांगत नाहीत, आणि गावातल्या कुणाचं तरी कौतुक छापून यावं एवढीच त्यांची इच्छा असते, असं ही मंडळी म्हणतात. त्यावर सल्लाही तयार असतो. विषय दोन ओळींत मांडा. फोटो मोठ्या आकाराचे जोडा. बातमी फक्त आम्हालाच द्या. बोलायला अधिकृत माणूस ठेवा. आणि ती आत्ताच का छापावी, हे पहिल्या वाक्यात सांगा. हे सगळं पाळलं की दार उघडेल. उघडलं नाही तर चूक सुचवणाऱ्याची.

हा सल्ला मला मान्य नाही आणि त्यामागची समजूत तर मुळीच मान्य नाही. वाशिम जिल्ह्यात राहून गाड्यांकडे पाहणारा कुणीही सांगेल की इथे बातम्यांचा दुष्काळ नाही. सुचवलेल्या बातमीला ज्या अटी लावल्या जातात, त्या गाडी विकणाऱ्याच्या सोयीच्या आहेत आणि गाडी वापरणाऱ्याला त्या पाळताच येत नाहीत. म्हणून वापरणाऱ्याची बातमी पानापर्यंत पोचत नाही. खापर फोडायचं असेल तर ते या अटींवर फोडायला हवं.

पत्रकारांची अडचण खोटी नाही. गाड्यांच्या पानावर एक-दोन माणसं काम करतात, आणि त्यांच्याकडे रोज येणाऱ्या पत्रांतली बहुतेक जाहिरातीच असतात. थोडक्यात लिहा, हा सल्ला चांगलाच आहे. कौतुकाचं पत्र म्हणजे बातमी नव्हे, हेही खरं. पण उरलेल्या अटी एकेक करून तपासा.

अधिकृत माणूस कुणाकडे असतो? ज्या कंपनीला जनसंपर्क विभाग आहे तिच्याकडे. रिसोडला ट्रॉल्या बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तो कुठून येणार? त्याच्या हातात वेल्डिंगचा होल्डर असतो आणि फोन वाजला तरी तो उचलायला त्याला फुरसत नसते. बातमी आत्ताच का, याचं उत्तर कोण देऊ शकतो? जो अनावरणाची तारीख स्वतः ठरवतो तो. वीस वर्षांपासून रस्त्यावर असलेल्या काळी-पिवळीला कसली आली तारीख? बातमी फक्त आम्हालाच, ही अट कोण पाळेल? ज्याच्याकडे झाकून ठेवायला माल आहे तो. जी बस रोज संध्याकाळी शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत सुटते, तिची बातमी फक्त एकालाच कशी देणार? आणि नव्या गाडीच्या अनावरणाला पत्रकारांचा प्रवास आणि मुक्काम बहुधा कंपनीच पाहते, ही या क्षेत्रातली उघड रीत आहे. वाशिमला येण्याचा खर्च मात्र कुणाच्याच हिशेबात बसत नाही.

परिणाम सर्वांपुढे आहे. गाडीचं वर्णन येतं ते ती चकचकीत असते त्या दिवशी. आठव्या वर्षी, तिसऱ्या मालकाच्या हातात, शेणखत आणि सिमेंटची पोती वाहून झाल्यावर ती कशी चालते, तिचं कुठलं दार लागत नाही, कुठला भाग सगळ्यांत आधी गंजतो, हे क्वचितच छापून येतं. डिझाइनची खरी परीक्षा तर तिथेच होते.

यावर पहिलं उत्तर येतं ते वाचकाचं नाव पुढे करून. आमचा वाचक नवी गाडी घेणारा आहे, त्याला ट्रॉलीत काय रस, असं म्हणतात. हा युक्तिवाद गाडीला फक्त खरेदीची वस्तू मानतो. गाडीत माणूस बसतो, गाडीवर माल लादतो, गाडीच्या पुढून रस्ता ओलांडतो, गाडीमागून मोटारसायकल चालवतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. सोयाबीन आणि तुरीवर चालणारा हा जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. इथे नव्या एसयूव्हीचं गिऱ्हाईक थोडं असेल. पण ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती, आपे, काळी-पिवळी, एसटी आणि ट्रॅव्हल्स यांच्याशी ज्याचा संबंध येत नाही असं घर शोधून सापडणार नाही. आणि ही माणसं पेपर वाचतात. त्यांच्या गाड्यांवर लिहिलं जात नाही म्हणून गाड्यांचं पान ती उलटून टाकतात, आणि मग त्यांना त्या पानात रस नाही असा निष्कर्ष काढला जातो.

ट्रॅव्हल्सचंच घ्या. संध्याकाळ झाली की वाशिम, रिसोड, मालेगाव, कारंजा इथून पुण्या-मुंबईकडे स्लीपर गाड्या निघतात. त्यांत शिकायला गेलेली पोरं असतात, चाकण-भोसरीला कामावर परतणारे असतात, मोठ्या दवाखान्यात दाखवायला निघालेले म्हातारे असतात. आत शिरलं की एका बाजूला एकाचा बर्थ, दुसऱ्या बाजूला दोघांचा, आणि दोन्हीकडे वरखाली दोन मजले. मधली वाट इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरून बर्थला टेकायचं. वर चढायला दोन लहान लोखंडी पायऱ्या. बसावं तर डोकं छताला लागतं, म्हणून झोपूनच राहायचं. एसी असल्यामुळे काचा बंद. काच फोडायची हातोडी आहे की नाही, आणि असली तर नेमकी कुठे, हे अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाला कळायला हवं. ज्या बाईचं लहान लेकरू वरच्या बर्थवर झोपलेलं आहे, तिला खाली उतरून दारापर्यंत जायला किती सेकंद लागतील?

हा प्रश्न हवेतला नाही. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे यवतमाळहून मुंबईला जाणारी खासगी बस नाशिकजवळ धडकून पेटली, १२ जण गेले. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ जण गेले. त्या बसची दाराची बाजू जमिनीकडे गेली आणि जे वाचले त्यांतले काही काच फोडून बाहेर पडले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. सिंदखेडराजा बुलढाण्यात, वाशिमच्या शेजारी. ऑक्टोबर २०२५ मध्ये जैसलमेर आणि कर्नूल इथे पुन्हा तशाच आगी लागल्या. या सगळ्या वेळी गुन्हेवार्ताहराने लिहिलं, राजकीय वार्ताहराने लिहिलं, मदतीचे आकडे आले, चालकाला डुलकी लागली का याची चर्चा झाली. ते सगळं लिहायलाच हवं होतं. पण गाडीच्या रचनेवर ज्याचा अभ्यास आहे, त्याने या बसच्या आत शिरून टेप लावायला हवी होती. बसच्या बांधणीसाठी आपल्याकडे एआयएस-०५२ आणि स्लीपर बससाठी एआयएस-११९ ही मानकं आहेत. वाट किती रुंद हवी, संकटकाळी बाहेर पडायची दारं किती आणि कुठे हवीत, हे कागदावर ठरलेलं आहे. कागदावरचं माप आणि बॉडी बांधणाऱ्याच्या शेडमधलं माप जुळतं का? चीनने अशा दुर्घटनांनंतर २०१२ पासून नव्या स्लीपर बसना परवानगी देणं थांबवलं. आपण त्यावर विचार तरी केला का? माणूस झोपलेला असतानाचा प्रवास कसा रचावा, यापेक्षा मोठा डिझाइनचा विषय कोणता? आणि तो सुचवायला जनसंपर्क अधिकारी कधीच येणार नाही, कारण ही बातमी छापून यावी असं कुठल्याच विक्रेत्याला वाटत नाही. ती सुचवेल तो त्या बर्थवर झोपून पुण्याला गेलेला वाशिमचा माणूसच.

दुसरा आक्षेप असतो तो पुराव्याचा. गावाकडचे लोक मोघम लिहितात, हाताला काही लागत नाही, असं म्हणतात. मोघम लिहिलं जातं हे खरं. पण नेमकं काय हवं ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं. विचारलं तर ते किती बारकाईने सांगतात, हे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून दिसेल. सोयाबीन निघतं त्या दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, इथल्या रस्त्यांवर रात्री ट्रॉल्यांची रांग असते. ट्रॅक्टरचे दिवे पुढे. मागे ट्रॉलीला दिवा असलाच तर त्याची वायर तुटलेली, कारण ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारा प्लग रोज काढावा-घालावा लागतो आणि नांगर, पेरणीयंत्र, ट्रॉली अशी सारखी अदलाबदल होत असताना तो पहिला निकामी होतो. परावर्तक पट्टी लावलेली असते ती बहुधा फाळक्यावर. फाळका खाली सोडला की पट्टी जमिनीकडे वळते. फाळका बंद असला तरी वरून लोंबणारं ओझं किंवा ताडपत्रीचं टोक तिला झाकतं. उरलेलं काम चिखल करतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतो तो फक्त अंधाराचा चौकोन, आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

या एवढ्या वर्णनात डिझाइनचे तीन नेमके प्रश्न आहेत. पट्टी फाळक्याऐवजी चौकटीच्या खांबांवर लावली तर? प्लग तुटणारच असेल तर ट्रॉलीला स्वतःचा, बॅटरीवर चालणारा दिवा देता येईल का? आणि ट्रॉली गावातल्या शेडमध्ये चॅनल, अँगल आणि पत्रा जोडून बनते, तर कायद्यातली अट त्या शेडपर्यंत पोचवायची कुणी? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधणारा लेख कुठल्याही नव्या गाडीच्या परीक्षणापेक्षा जास्त जीव वाचवेल. पण त्यात अनावरण नाही. वाशिमहून मी असे विषय लिहून पाठवत आलो आहे आणि उत्तर आलंच तर ते हेच असतं की यात नवीन काही घडलेलं नाही. नवीन घडण्याची वाट पाहायची म्हणजे अपघात होण्याची वाट पाहायची. हे उत्तर माझ्या गळी उतरत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त खटकतो. हे डिझाइन नव्हे, जुगाड आहे, असं म्हणून विषय बाजूला सारला जातो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ पसरला, उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यावर लिहिलं, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या थांबवली जाईल हे सांगून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. महिंद्रांनी दिलदारपणा दाखवला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार बातम्यांबद्दल आहे. बातम्या रंगल्या त्या उद्योगपतीच्या शब्दांवर आणि बदल्यात मिळालेल्या गाडीवर. मूळ गाडीचं वजन किती, तिचा ब्रेक कसा लागतो, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत कशी नेली, वळताना ती कलते का, घरच्यांना घेऊन फिरताना कुठली गोष्ट कारखान्यातल्या गाडीपेक्षा बरी आणि कुठली धोक्याची, हे विचारायला गाड्यांचा जाणकार लागतो. जाणकाराने ते विचारलं असतं तर एका कारागिराच्या हातचं काम कामासारखं तपासलं गेलं असतं.

आणि न तपासण्याची किंमत काय असते, तेही आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना, पाते तुटून डोक्याला लागल्याने गेला. तो गेल्यावर बातमी देशभर झाली. तो पत्र्यावर आणि पाइपांवर काम करत होता तेव्हा, पाते कशाचं आहे, त्याचा तोल तपासलास का, डोक्यावर संरक्षण काय, असं विचारणारा एखादा माहीतगार माणूस त्याच्या शेडपर्यंत पोचला असता तर? पत्रकार इंजिनिअर नसतो, मान्य. पण तो इंजिनिअरला फोन लावू शकतो, आणि त्याच्यामुळे गावचा कारागीर आणि शहरातला तज्ज्ञ एका ठिकाणी येऊ शकतात. कौतुक आणि हळहळ या दोन टोकांच्या मधे जे काम आहे, ते या विषयाच्या पत्रकाराचं आहे.

डिझाइन हा शहरातला विषय आहे, हा समज तर इतिहासालाच धरून नाही. भारतातल्या डिझाइनच्या शिक्षणाचा पाया ज्या अहवालाने घातला, तो अमेरिकी डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये दिला, आणि त्यातूनच अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. त्या अहवालात ज्या वस्तूचं मनापासून कौतुक आहे ती म्हणजे आपला लोटा : पिढ्यान्‌पिढ्या वापरून घडलेली, कुणा एकाच्या नावावर नसलेली वस्तू. त्याच नजरेने वऱ्हाडातली तिफण पाहा. तीन फण, त्यांवर चाडं, चाड्यावर बाईची मूठ, आणि दाणा किती सुटावा हे त्या मुठीला कळलेलं. आज त्याच शेतात ट्रॅक्टरच्या मागे बीबीएफ यंत्र चालतं. ते रुंद वरंबा करतं, दोन्ही बाजूंना सरी काढतं आणि त्याच फेरीत बी पेरतं. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, ओढ दिली तर ओल टिकते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून विदर्भ-मराठवाड्यात या पद्धतीचा प्रसार झाला, आणि त्यात वाशिमही होता. काळ्या चिकट जमिनीत ओल असताना या यंत्राचे फण का भरतात, लहान ट्रॅक्टरला ते ओढवतं का, शेतकऱ्यांनी गावच्या लोहाराकडून त्यात कोणते बदल करून घेतले, हे सगळं कृषीच्या पानावर अनुदानाच्या बातमीपुरतं उरतं. डिझाइनच्या पानाचा हक्काचा विषय तिथे वाया जातो.

मागे जायचं तर आणखी मागेही जाता येईल. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. वाहतुकीचं म्हणाल तर मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान, आणि रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर पोचवणारा समाज हाच. माल कसा बांधायचा, बैलाच्या पाठीवर तोल कसा ठेवायचा, तांडा मुक्कामाला कसा उतरायचा, ही सगळी वाहतुकीची विद्या. पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, त्याचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी केलं. बातम्यांचा भर दौऱ्यावर आणि सभेवर राहिला. इमारतीचा आकार एका वाद्यावरून घेतला तर आत फिरणाऱ्याला त्याने काय मिळतं, लदेणीची, म्हणजे बैलांवरच्या त्या मालवाहतुकीची, गोष्ट आत कशी मांडली आहे, हे डिझाइनवर लिहिणाऱ्याने सांगायचं होतं.

राहता राहिला समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर. त्यांतले जवळजवळ १०० किलोमीटर वाशिम जिल्ह्यातून, कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातात. या रस्त्यावर गाडी ताशी १२० ने कशी पळते, हे सर्वांनी वाचलं. पण दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना या रस्त्यावर बंदी आहे. म्हणजे ज्या जिल्ह्याची जमीन रस्त्याखाली गेली, त्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य गाड्या त्यावर चढूच शकत नाहीत. त्या रस्त्याखालून जातात. मग खालच्या बोगद्यांची उंची कडब्याने भरलेल्या ट्रॉलीला पुरते का? पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का? शेत दोन भागांत वाटलं गेलेल्या शेतकऱ्याला पलीकडच्या तुकड्यात जायला किती वळसा पडतो? कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या भागात प्राण्यांसाठी केलेल्या मार्गांवरून काळवीट खरंच जातात का? सरळसोट, एकसुरी रस्त्याने चालकाला येणारी गुंगी हा अपघातांतला मोठा भाग असल्याचं नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या पाहणीत पुढे आलं. मग रस्त्याच्या रचनेत त्यावर उपाय काय? एवढे सगळे विषय एका रस्त्यावर आहेत, पण त्यांतले बहुतेक गाडीच्या काचेतून दिसत नाहीत. त्यासाठी खाली उतरावं लागतं.

खाली उतरल्याने काय होतं, याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातल्याच कारखान्याने दिलं आहे. टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या चमूने छोट्या मालवाहू गाडीचं काम हाती घेतलं तेव्हा ती माणसं तीनचाकी चालवणाऱ्यांकडे गेली, त्यांना काय हवं ते विचारलं, त्यांच्या दिवसाचा हिशेब समजून घेतला. चारचाकी असेल तर गावात लग्न जमायला सोपं जाईल, असंही एकाने सांगितल्याचं प्रसिद्ध आहे. त्यातून २००५ मध्ये टाटा एस आली, आणि लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणून आपलंसं केलं. त्या चालकांनी कुणाला दोन ओळींचं पत्र पाठवलेलं नव्हतं, त्यांच्याकडे अधिकृत प्रवक्ता नव्हता. कंपनीला त्यांच्या बोलण्यात गाडी दिसली, कारण ती ऐकायला गेली. ज्या कंपनीला नफा कमवायचा होता तिने जे केलं, ते लोकांसाठी लिहितो असं म्हणणाऱ्याने करू नये?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाड्या आणि डिझाइन यांवर लिहिणाऱ्यांनी बातमी सुचवण्याच्या अटी बदलाव्यात. मराठीत, फोनवर, आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला विषयही विषय मानावा. अर्धवट माहिती आली तर ती फेटाळण्याऐवजी तीन प्रश्न उलट विचारावेत; त्यातून बातमी पूर्ण होते. फक्त आम्हालाच, ही अट विक्रेत्यांसाठी ठेवावी आणि वापरणाऱ्यांसाठी सोडून द्यावी. वर्षातून काही दिवस कंपनीच्या गाडीऐवजी एसटीने, काळी-पिवळीने, ट्रॅव्हल्सच्या वरच्या बर्थवरून प्रवास करावा. आणि तालुक्याच्या वार्ताहराने विषय दिला तर लेखावर त्याचंही नाव यावं आणि त्याला त्याचे पैसेही मिळावेत. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा माणूस फुकट विषय शोधत बसेल, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आपल्या बाजूनेही काम आहे. विषय सुचवताना कौतुक कमी करू आणि माप जास्त देऊ. बसमधली वाट टेपने मोजू आणि आकडा लिहू. संकटकाळी उघडायचं दार उघडून पाहू आणि उघडलं की नाही ते लिहू. ट्रॉलीची पट्टी कुठे लावली आहे त्याचा दिवसा आणि रात्री असे दोन फोटो काढू. बनवणाऱ्याचं म्हणणं घेऊ, चालवणाऱ्याचंही घेऊ. नियम काय सांगतो ते आरटीओच्या कचेरीत विचारू. एवढं हातात असलं की हे मोघम आहे असं म्हणायची सोय कुणाला उरणार नाही.

ही तयारी जिल्ह्यांत आहे. वाशिमचा माणूस गाडीच्या प्रत्येक खोडीला रोज तोंड देतो, त्यामुळे गाडीबद्दल त्याला जे ठाऊक असतं ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. त्याने बोलायचं आणि पत्रकाराने ऐकायचं, असं हे दोघांचं काम आहे. पण अटी घालणारा आजवर एकच पक्ष होता, आणि पानही त्याच्याच हातात आहे. तेव्हा पहिलं पाऊल त्यानेच टाकायला हवं.